बेटावरचे बिऱ्हाड

'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले, हे तिच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण होय. घर वडिलांकडून येते. बिऱ्हाड आपले आपण करावे लागते. घरापुढे तुळस असते, घराला कुलदैवत असते, घराचे नाव गावाच्या दप्तरात असते. बिऱ्हाडाला भाडे असते आणि महिन्याची पहिली तारीख असते. पोटासाठी गाव सोडणारा मनुष्य घर मागे ठेवतो आणि परक्या ठिकाणी बिऱ्हाड थाटतो. ते कुठे थाटावे हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. भाडे परवडावे, पाणी असावे, कामाची जागा पायी गाठता यावी, एवढे जमले म्हणजे झाले, असे कोणीही सांगेल. परंतु जुनी कागदपत्रे चाळली आणि चार पिढ्यांच्या स्थलांतराकडे पाहिले, तर असे दिसते की गाव सोडणाऱ्या माणसाने या हिशोबाआधी आणखी तीन प्रश्न मनाशी विचारलेले आहेत. तिथे मला ओळखणारा कोण आहे? तिथे माझा आचार चालेल काय? आणि तिथून मला उठवण्याचा अधिकार कोणाला आहे?

पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा धर्माचा आणि तिसरा कायद्याचा. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत गोमंतक, कोकण आणि कानडा किनाऱ्यावरची माणसे तीनशे वर्षांहून अधिक काळ ज्या बेटावर जात राहिली, त्या मुंबई बेटाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

आपल्या समाजाला हा विचार मुळीच नवा नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेरण्याची म्हाळसा यांनी सासष्टी सोडून अंत्रुज महालात वास्तव्य केले. अंतर पाहिले तर काही कोसांचे. पण मधे जुवारी नदी होती, आणि नदीपलीकडे दुसऱ्याचे राज्य होते. महाजनांनी नवे स्थळ शोधताना जमिनीचा कस पाहिला नाही, कोणाचा अंमल आहे ते पाहिले. राहण्याची जागा निवडणे म्हणजे एका अर्थी कायदा निवडणे होय, हे तत्त्व पुढे विधिशास्त्राच्या ग्रंथांत वाचावयास मिळते. आपल्या पूर्वजांनी ते देवाची पालखी खांद्यावर घेऊन आचरले होते.

करार करून आलेला व्यापारी

मुंबई हे त्या काळी एक बेट नव्हते. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा अशी सात बेटे भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटलेली होती. १६६१ च्या विवाह-तहाने ती पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला, आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड नाममात्र खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. चिखल, खाजण आणि ताप यांसाठी हे स्थळ कुप्रसिद्ध होते. दोन पावसाळे हेच तिथे माणसाचे आयुष्य, असे खुद्द इंग्रज म्हणत. अशा जागी राहावयास यावे कोणी?

१६६९ पासून १६७७ पर्यंत मुंबईचा कारभार पाहणाऱ्या जेरल्ड ऑन्जियर याने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. १६७२ मध्ये त्याने बेटावरच्या रहिवाशांशी एक ठराव केला. रहिवाशांनी वर्षाला २०,००० झेराफीन द्यावेत आणि त्याबदली त्यांच्या जमिनींवरचा हक्क कंपनीने निर्वेधपणे मान्य करावा, असा त्याचा आशय होता. झेराफीन हे गोमंतकात चालणारे पोर्तुगीज नाणे. राज्य इंग्रजांचे झाले तरी हिशोब अजून आपल्याकडच्याच नाण्यात चालत असे. निरनिराळ्या ज्ञातींनी आपापले तंटे आपल्या पंचांकडे न्यावेत, अशी व्यवस्थाही त्याने घालून दिली. १६७० च्या दशकात बेट पाहून गेलेल्या जॉन फ्रायर या वैद्याने तिथली वस्ती साठ हजारांच्या घरात गेल्याचे लिहिले आहे; पोर्तुगीजांच्या अमलात ती जेमतेम दहा हजार होती, असे त्याचे म्हणणे. आकडा थोडा फुगलेला धरला, तरी माणसे आली हे खरे, आणि ती बेटाच्या हवेसाठी आली नाहीत हेही खरे.

ती कशासाठी आली, हे १६७७ च्या एका कागदावरून स्वच्छ दिसते. दीव येथील नीमा पारख नावाच्या वाणी व्यापाऱ्याला मुंबईस येऊन व्यापार करावयाचा होता. दीवही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते. आधी येऊन मग अडचणी सोडवण्याऐवजी त्याने अटी लिहून पाठवल्या आणि कंपनीने त्या मान्य केल्या. घर व वखार यांसाठी जागा विनाभाडे मिळावी. आपल्या आवारात आपल्या धर्माप्रमाणे पूजाअर्चा, लग्नकार्ये आणि मृतांचे दहन निर्वेध करता यावे. कोणालाही बळाने बाटवू नये, कोणाकडूनही सक्तीने ओझी वाहवून घेऊ नयेत. पहाऱ्याची वेठ माफ असावी. दावा किंवा देणेघेणे उद्भवल्यास आधी सूचना दिल्याखेरीज आपणांस वा आपल्या वकिलांस चारचौघांत पकडून बेअब्रू करू नये. आणि युद्धाचा प्रसंग आला तर माल, पैसा व कुटुंब यांना किल्ल्यात आसरा मिळावा.

बिऱ्हाड बदलण्याआधी इतका नेटका करार करणारा मनुष्य आजही विरळा. आचार आणि हक्क या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने लेखी घेतली. सूचनेखेरीज अटक नको हे कलम तर कोणत्याही वकिलाने टोपी काढावी असे आहे. परंतु त्याच करारात आणखी एक कलम होते: आपल्या आवारात कोणाही इंग्रजाने, पोर्तुगिजाने, अन्य ख्रिस्त्याने वा मुसलमानाने राहू नये, आणि तिथे जीवहत्या करू नये. ज्याच्या डोक्यावर धर्मांतराची टांगती तलवार होती, त्याने असे कुंपण मागावे यात नवल नाही. मात्र वाचकांनी हे कलम ध्यानात ठेवावे. निर्वासिताचे कवच म्हणून ते जन्मले. त्याचे पुढे काय झाले हा या लेखाचा खरा विषय आहे.

परवानगी आणि हक्क

करार न करता केवळ कर्तबगारीवर विसंबून बेटावर मोठा झालेला मनुष्य म्हणजे रामा कामत. हा शेणवी ज्ञातीचा सधन व्यापारी कंपनीच्या कामात पुढारी होता आणि तिच्या देशी शिपायांच्या तुकड्यांवरही त्याचा अधिकार चाले. वाळकेश्वरचे देऊळ १७१५ च्या सुमारास त्याने नव्याने उभारले. बाणगंगेच्या काठी आज गौड सारस्वत समाजाची जी वहिवाट आहे, कवळे मठाचे जे स्थान आहे, तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असते. परक्या बेटावर देऊळ बांधणे म्हणजे येथे आम्ही पाहुणे नाही असे जाहीर करणे होय. बिऱ्हाडाचे घर करण्याची हिंदू रीत तीच.

पण पुढे काय झाले? कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत, १७२० मध्ये, खटला चालला. पुरावा म्हणजे एक पत्र आणि छळ करून मिळवलेली साक्ष. मालमत्ता जप्त झाली, जन्माची कैद झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ते पत्र बनावट होते, असे पुढील इतिहासकारांचे मत पडले. आरोप करणारे, खटला ऐकणारे आणि जप्तीचा लाभ घेणारे एकाच कंपनीचे चाकर असतील, तर निकाल काय लागणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

रामा कामताजवळ पैसा होता, समाज होता, देऊळही होते. म्हणजे ओळख आणि आचार या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला पुरेपूर मिळाली होती. तिसरे उत्तर मात्र नव्हते. तो बेटावर राहत होता तो मर्जीने, हक्काने नव्हे. कायद्याच्या भाषेत ज्याला परवानगी म्हणतात आणि ज्याला हक्क म्हणतात, त्यांत दिसण्यात काही फरक नसतो. दोन्हींत मनुष्य त्याच दारातून आत जातो. फरक कळतो तो बाहेर काढले जाताना.

बेटावर देवांचीही बिऱ्हाडे हलली. किल्ल्याभोवतीची जमीन मोकळी करण्यासाठी मुंबादेवीचे मूळ देऊळ अठराव्या शतकात काढले गेले आणि देवी सध्याच्या जागी आली. हॉर्नबीचा बांध घालताना तो वारंवार खचत असे, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कामगाराला दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर आल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची दंतकथा आहे. कथा कशीही असो, समुद्रातून मिळवलेल्या जमिनीवर देवाचा अधिकार आधी नोंदवावा, ही भावना तिच्यात बोलते. तो बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता समुद्रावरून गेला, आणि सात बेटांचे एक बेट झाले.

वाड्या, खोल्या आणि कूड

१८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली, १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि बेटावर येणाऱ्यांचे स्वरूप पालटले. आता करार लिहिणारे व्यापारी थोडे, आणि वळकटी काखेत मारून गलबतातून उतरणारे चाकरमानी फार. त्यांच्यापाशी अटी घालण्याची ताकद नव्हती. त्यांनी ओळखीचा आधार घेतला.

गिरगावातल्या वाड्या पाहाव्यात. फणसवाडी, जांभुळवाडी, खोताची वाडी. या मुळात माडांच्या व झाडांच्या बागा. गोमंतकीय ज्याला पोर्तुगीज 'होर्ता' शब्दावरून ओळखतात, त्यातलाच हा प्रकार. झाडे गेली, चाळी उठल्या, आणि एका चाळीत एका मुलखाची माणसे भरू लागली. पुढे १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो या सहवासातूनच. परळ-लालबागच्या गिरणगावात 'गावची खोली' नावाची संस्था निर्माण झाली. खोलीचे भाडे एका गावाच्या माणसांनी मिळून भरावयाचे. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा व्हावयाचा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. गावाहून नवा मुलगा आला तर त्याला पत्ता एवढाच माहीत असे: अमुक चाळ, आपल्या गावची खोली. हमी द्यावयाला जामीन नको होता. गावाचे नाव हाच जामीन.

आपल्या ख्रिस्ती गोमंतकीय बांधवांनी धोबीतलाव व माझगाव भागात जे 'कूड' उभे केले, ते याच विचाराचे अधिक शिस्तबद्ध रूप. कूड म्हणजे कोकणीत खोली. प्रत्येक कूड एका गावाचा. भिंतीकडेने खलाशांच्या पेट्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी, सायंकाळची प्रार्थना चुकवावयाची नाही, वर्गणी नाममात्र. आगबोटीवरून उतरलेल्या माणसाला पुढची बोट मिळेपर्यंत आसरा मिळे. हिंदूंनी देऊळ बांधले, ख्रिस्त्यांनी वेदी मांडली. बेटावर उतरताच दोघांनाही आधी गावचा देव लागला. धर्माची सीमा ओलांडून दिसणारे हे साम्य गोमंतकाच्या मातीचे आहे. मुंबईतल्या हिंदू गोमंतकीयांना एकत्र बांधणारी गोवा हिंदू असोसिएशन १९१९ मध्ये स्थापन झाली, आणि पुढे मराठी रंगभूमीवर तिने नाव मिळवले. नाटक हीदेखील बिऱ्हाडकरूंची एकत्र येण्याची जागा होती, हे विसरता कामा नये.

एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. १९६१ पूर्वी मुंबईत राहणारा गोमंतकीय कायद्याने परक्या राज्याचा प्रजाजन होता. घराशेजारचा सावंतवाडीकर आणि तो, दोघे एकाच गलबतातून आले, एकच भाषा बोलले, एकाच देवाला नवस बोलले. तरी कागदावर एक देशी आणि एक परदेशी. अशा माणसाला ओळखीचे कुंपण अधिकच हवेसे वाटले असल्यास ते समजण्याजोगे आहे.

ओळखीचे ओझे

इथवरचे वर्णन वाचून आपल्या मनात समाधान उभे राहते. गाव गावाला धावून आले, ज्ञातीने ज्ञातीला सांभाळले, देवाने सर्वांना एकत्र ठेवले. हे सर्व खरे आहे. परंतु ज्याची ओळख हेच ज्याचे संकट, त्याने काय करावे?

देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांचे उदाहरण आपल्या वाचकांना परके नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोमंतकातल्या खेड्यांतून निघून मुंबईत स्थिरावल्या आणि त्यांच्या गायनाने भारतीय संगीतात आपले स्थान केले. इतर लोक बेटावर ओळखीचा माणूस शोधत असताना या समाजाला बेटाने दिलेली मोठी देणगी म्हणजे अनोळखीपण. जिथे जन्मावरून धंदा ठरत नाही, शेजारणीला कूळ ठाऊक नसते, मुलीचे नाव शाळेत घालता येते, अशी जागा. १९२० च्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या गोमंतक मराठा समाज या संस्थेचे आणि १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याचे महत्त्व या संदर्भात कळते. देवळापासून दूर जाणे हाच त्यांच्यासाठी मुक्तीचा मार्ग होता, हे वाक्य मंदिराशी निष्ठा असणाऱ्या आपल्यासारख्यांना बोचते. ते बोचले पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, पगार होता, महाराजांचा आश्रय होता. राहावयास जागा नव्हती. हिंदूंच्या वस्तीत अस्पृश्याला बिऱ्हाड कोण देणार? शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. शहरात आसरा शोधून मिळेना, तेव्हा कमाटी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत दिवस काढला आणि मुंबईची वाट धरली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आचार आणि ओळख या नावांखाली आपण ज्या भिंती प्रेमाने बांधतो, त्या बाहेरून कशा दिसतात, हे समजण्यासाठी ती प्रत्येकाने वाचावी.

मुंबईत त्यांना जागा कोणी दिली? एका सरकारी विश्वस्त मंडळाने. १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिज्वराची साथ उद्भवली आणि आपल्या हडफड्याचे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. त्या हाहाकारातून १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि गरिबांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. परळच्या ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आंबेडकरांनी सुमारे दोन दशके काढली, आणि १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून ते तिकडे गेले. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी उभारल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या चाळींची सोय बेताचीच आणि गर्दी अफाट. पण तिथे घरमालक कोणी शेजारचा शेट नव्हता. भाड्याच्या पावतीला जात नसते, एवढे साधे सत्य या चाळींनी बेटाला शिकवले.

गावदेवीची संस्था

याच सुमारास आपल्याच किनाऱ्यावरच्या एका समाजाने तिसरा मार्ग काढला. कानडा जिल्ह्यांतून आलेल्या कोकणीभाषी चित्रापूर सारस्वतांनी श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सहकारी गृहसंस्था स्थापली. आपल्या देशातली ही पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून ओळखली जाते. इमारत संस्थेची, सभासद तिचे भाडेकरू, आणि सभासद मिळून संस्थेचे मालक. म्हणजे प्रत्येकजण स्वतःचाच भाडेकरू. 'मला कोण उठवू शकतो?' या प्रश्नाला बिऱ्हाडकरूंनी दिलेले हे पहिले समाधानकारक उत्तर, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. रामा कामताला देऊळ बांधून जे साधले नाही, ते मध्यमवर्गीय कारकुनांनी घटना, पोटनियम आणि भागभांडवल यांच्या बळावर साधले. तीनही प्रश्नांची उत्तरे एका छपराखाली आली: शेजारी ओळखीचा, आचार आपला, हक्क कायद्याचा.

पण नीमा पारखाचे कलमही त्या छपराखाली आले. गृहसंस्था एका ज्ञातीची म्हणजे दार त्या ज्ञातीपुरते उघडे. पुढे निरनिराळ्या समाजांच्या अशाच संस्था निघाल्या. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला आणि सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम न्यायालयाने वैध ठरवला. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच अनुच्छेदाने संस्था स्थापण्याचेही दिले आहे. पहिले स्वातंत्र्य मुख्यतः राज्यसत्तेविरुद्ध वापरता येते, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे. पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि रस्ते सर्वांना खुले केले. भाड्याच्या खोलीचा त्यात उल्लेख नाही. निकालाचा कायदा असा आहे. कायद्याने जे करण्यास मोकळीक दिली ते सर्व करणे धर्म्य असते काय, हा प्रश्न न्यायालयाचा नसून आपला आहे.

कायद्याचे छप्पर आणि त्याची गळती

ज्यांना संस्था उभारता आली नाही, त्यांच्यासाठी भाडेनियंत्रण आले. पहिल्या महायुद्धात १९१८ चा कायदा, दुसऱ्याच्या तोंडावर १९३९ चा, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा सुप्रसिद्ध मुंबई भाडे कायदा. भाडे १९४० च्या पातळीवर गोठले, आणि मालकाच्या मर्जीने भाडेकरूला उठवणे बंद झाले. लाखो बिऱ्हाडांची घरे झाली ती या कायद्याने. परंतु भाडे गोठले तसे दुरुस्तीचे हातही गोठले. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. पागडी नावाचा बेकायदा पण सर्वमान्य व्यवहार रूढ झाला. १९७३ मध्ये परवानगीने राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्याचा परिणाम असा की मालक नव्या माणसाला खोली देण्यासच कचरू लागले. १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे अवाजवी झाल्याचे सांगितले, आणि महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. पागडीला त्याने मान्यता दिली.

आज नोकरीसाठी बेटावर उतरणाऱ्या तरुणाच्या हाती पडतो तो बहुधा अकरा महिन्यांचा, परवानगीचा कागद. मुदत संपली की निघावयाचे. कागद नोंदलेला असतो, छायाचित्र व अंगठा घेतलेला असतो. पण त्याचे स्वरूप रामा कामताच्या मुक्कामाचेच आहे. हक्क आधीच्या पिढीला मिळाला. पुढच्या पिढीच्या वाट्याला पुन्हा परवानगी आली. जुन्या चाळीतला भाडेकरू आणि त्याच चाळीच्या दारात जागा विचारणारा नवखा, या दोघांना एकाच कायद्याने दोन निरनिराळी माणसे केले आहे.

आपले दार

आता दृष्टी आपल्या अंगणाकडे वळवू. पणजी ज्या भूमीवर वसली आहे ती तिसवाडी मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा ओहोळ यांनी वेढलेले बेटच आहे. तिथे येऊन वसलेल्या तीस वस्त्यांवरून तिसवाडी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. म्हणजे त्या नावातही एका स्थलांतराची नोंद आहे. गोमंतकात भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या मर्जीने घरटे बांधून राहणाऱ्या मुंडकाराची कित्येक पिढ्यांची कहाणी आपल्याला माहीत आहे. घर त्याने बांधले, माड त्याने शिंपले, आणि 'ऊठ' म्हटले की उठावयाचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. परवानगीचे हक्कात रूपांतर करण्याचे हे काम आपल्या भूमीत झाले, याचा अभिमान वाटावयास हवा.

आणि आज त्याच बेटावर बांधकामाला, हॉटेलात, इस्पितळात, कचेरीत काम करण्यासाठी दूरदूरचे लोक येत आहेत. त्यांच्यात बेळगावकडचे आहेत, उत्तरेकडचे आहेत, पूर्वेकडचेही आहेत. त्यांनाही तेच तीन प्रश्न पडतात. जागा विचारणाऱ्याला आपण काय विचारतो? नाव काय, गाव कोणते, आडनावावरून कोण, जेवणात काय असते? नीमा पारखाने हेच विचारले होते, पण तो दार मागणारा होता. आपण दार देणारे आहोत. दुबळ्याच्या तोंडी जी अट कवच ठरते, तीच बलवानाच्या तोंडी कुंपण होते. शब्द तेच राहतात, बाजू बदलते.

याचा अर्थ आचार सोडावा, शुद्धाशुद्ध विसरावे असा नाही. आपल्या स्वयंपाकघराचा धर्म आपल्या हाती आहे आणि राहील. प्रश्न शेजारच्या खोलीचा आहे. ज्या समाजाचे देव रातोरात नदी ओलांडून आले आणि ज्यांना पलीकडच्या काठावर परक्या राज्यात जागा मिळाली, त्या समाजाने 'इथे राहू का?' हा प्रश्न ऐकताना एक क्षण थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. अंत्रुजात मंगेशाला जागा देणाऱ्यांनी आधी त्याचे गोत्र विचारले असते, तर आज आपण कोणाच्या पालखीपुढे चाललो असतो?